राखीव माळावर बाग, पण राखण कुणी करायची?



पेठ वडगावसारख्या बाजारपेठेच्या गावाला राखीव माळावर बाग हवीशी वाटली, तर त्यात वावगे काही नाही. पोरांना खेळायला, म्हाताऱ्यांना टेकायला सावली हवीच. त्या सावलीचा खर्च कुणाच्या नावावर पडणार, एवढेच आम्हाला विचारायचे आहे.

वारणा आणि कृष्णा ओलांडून सांगली जिल्ह्यात गेले की देवराष्ट्र्याजवळ सागरेश्वर लागते. एके काळी तिथले डोंगर उघडेबोडके होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी लोकांना हाताशी धरून झाडे लावली, हरणे आणून सोडली. १९८५ साली सुमारे ११ चौरस किलोमीटरच्या या रानाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. खडकावर रान उभे करणे सोपे नव्हते. मोहित्यांचे नाव आदरानेच घेतले पाहिजे. पण हरणे वाढली. कुंपणात फट मिळाली की ती बाहेर पडतात आणि शेजारच्या उभ्या पिकात शिरतात. सहल शहरवाल्यांची, जागरण शेतकऱ्याचे! १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे जनावराला हात लावता येत नाही. भरपाई मागायची तर अर्ज, पंचनामा आणि हेलपाटे. बागायतदार पुढच्या पाण्यावर सावरेल. कोरडवाहू शाळू किंवा कपाशी गेली की वर्ष गेले.

सोलापूर आणि नगरकडे तर याहून मोठा घोळ झाला. १९७९ साली माळढोकासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात माळराने होती तशी लोकांची खाजगी शेते आणि नांदती गावेही आली. जमिनीच्या व्यवहारांना वर्षानुवर्षे अडचणी आल्या आणि पुढे क्षेत्र कित्येक पटींनी कमी करावे लागले. एवढे करूनही माळढोक जवळजवळ दिसेनासाच झाला. ज्या शेतकऱ्याच्या ज्वारीत तो पक्षी वावरायचा, त्यालाच परका ठरवल्यावर दुसरे काय होणार?

म्हणून बागेचा आराखडा कागदावर येण्याआधी ग्रामसभेत यावा. माळावर हिरवळीचे गालिचे नकोत. त्यांना पाणी कुठून आणणार? समपातळी चर खणा, पवना-मारवेल वाढू द्या, बोर, बाभूळ, कडुनिंब लावा. जनावरांसाठी पाणवठा आतच असावा. फाटकावर जमणाऱ्या पैशातून आधी कुंपणाची दुरुस्ती व्हावी, कारंजी आणि रंगीत दिवे मागाहून. आणि गवत कापून नेण्याचा हक्क गावाचाच राहिला पाहिजे. हिवरेबाजारने चराईबंदी केली, पण विळा बंद केला नाही. म्हणून तिथे माळही राखला गेला आणि गोठ्यात चाराही आला.

गायरानाची गोष्ट वेगळी. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणे काढून त्या गावाच्या सामाईक वापरासाठी परत करा, असे राज्यांना बजावले. बागेच्या नावाने गायरानाला तार ठोकून गावच्याच गुरांना हाकलणे या निकालात बसत नाही.

जिल्हा बैठकीला येताना आपल्या गावच्या गायरानाचा सातबारा काढून आणा. पिकाच्या नुकसानीचे अर्ज पडून असतील, तर त्यांच्या पोचपावत्याही सोबत घ्या.