बंदुकीचा नंबर तपासता, दस्ता कोण तपासणार?

मंडळी, के. के. रेंजवरचे आवाज ऐकत मोठा झालेला आपला जिल्हा. शहरात आर्मर्ड कोअरचं सेंटर, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं सेंटर. गावोगावी माजी सैनिक. त्यातले बरेच जण पेन्शन झाल्यावर परवाना काढतात, पदरचे पैसे घालून बंदूक घेतात आणि बँकेच्या, पतसंस्थेच्या, कारखान्याच्या दारात उभे राहतात.

आता पुढच्या वेळी पैसे काढायला जाल तेव्हा त्या बंदुकीच्या दस्त्याकडे जरा बघा. कुठे तांब्याची तार गुंडाळलेली, कुठे काळी चिकटपट्टी, कुठे भेगेत लांबी भरून वरून रंग मारलेला. या बंदुकीच्या भरवशावर आपल्या ठेवी! आणि ती उडवायची वेळ आलीच, तर तडकलेलं लाकूड त्या माणसाच्या गालाशी असणार, मॅनेजरच्या नाही.

परवान्याचं नूतनीकरण आलं की नंबर बघतात, काडतुसं मोजतात, सही-शिक्का होतो. दस्ता धड आहे का, हे सहसा कुणी विचारत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षं झाली. म्हणजे एकदा दुर्लक्ष झालं की पाच वर्षं निश्चिंती.

काही जण म्हणतील, लाकूडच ते, गावातल्या सुताराकडून घ्या करून. आमच्या सुताराच्या हाताला तोड नाही, पण १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम ५ आहे. बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो. म्हणजे सुतारही अडचणीत आणि गार्डही.

शिवाय दस्ता निवडणं हे खाटेचा पाय बसवण्याइतकं सोपं नाही. सैन्यातल्या जुन्या थ्री नॉट थ्रीचंच बघा. ही प्रोहिबिटेड बोअर, साध्या परवान्यावर मिळत नाही. म्हणून तिच्याच ली-एनफिल्ड यंत्रणेवर इशापूरच्या कारखान्याने तीनशे पंधरा काढली. त्या थ्री नॉट थ्रीच्या दस्त्याची मापं होती: लाँग, नॉर्मल, शॉर्ट आणि पुढे सगळ्यात आखूड बँटम. एकेका मापात साधारण अर्ध्या इंचाचा फरक. इंग्रज सरकार काही दयाळू नव्हतं, पण हात आखूड असलेल्या शिपायाला लांब दस्ता दिला तर नेम बसत नाही, एवढा हिशेब त्याला कळत होता. आपल्या एजन्सीवाल्यांना अजून कळलेला नाही. साडेपाच फुटाचा गार्ड असो की सहा फुटाचा, जे हातात आलं ते खांद्याला लाव!

साधी ओळख सांगतो. दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवा, बोट ट्रिगरपर्यंत सहज पोचलं पाहिजे. लाकूड पुरतं वाळलेलं हवं. अक्रोडाचं मिळालं तर उत्तम. मुठीजवळ दस्ता बारीक होतो, तिथे रेषा उभ्या, लांबीला धरून गेलेल्या हव्यात. आडव्या गेल्या की दस्ता तिथेच मोडणार. चकचकीत व्हार्निशला भुलू नका, जुने लोक जवसाचं तेल चोळायचे. प्लास्टिकचा दस्ता वाईट नाही, पण ढिला बसला तर तोही कामाचा नाही. आणि बसवायचा जाणकाराकडूनच. जुन्या थ्री नॉट थ्रीत मागचा दस्ता काढण्याआधी पुढचं लाकूड उतरवावं लागतं. तसं न करता बोल्ट फिरवला की चांगलं असलेलं पुढचं लाकूडही तडकतं.

आता खरा प्रश्न, खर्च कुणी करायचा? आज गार्ड करतो. बंदूक त्याची, दुरुस्ती त्याची, परवानाधारक कारागिराकडे जायचं गाडीभाडं त्याचं आणि दिवसाचा खाडाही त्याचाच. फायदा मात्र एजन्सीचा आणि संस्थेचा. हा कुठला न्याय? गाडी भाड्याने घेता तेव्हा टायर बघता ना?

‘जुनी बंदूक टाका, नवी घ्या’ हा सल्ला एसीत बसून देणं सोपं आहे. गार्डच्या पगारात नवी रायफल बसत नाही, आणि जुनीची नळी-बोल्ट ठणठणीत असताना टाकायची कशाला?

मागण्या तीनच. नूतनीकरणाच्या वेळी परवानाधारक कारागिराचा तपासणी दाखला घ्या. ड्युटीवरच्या बंदुकीची दुरुस्ती एजन्सीने किंवा संस्थेने करावी, आणि हे करारात लिहावं. दस्ता गार्डच्या मापाचा असावा.

१५ ऑगस्टला माजी सैनिकांना शाल-नारळ देणाऱ्या संचालक मंडळींनी या वर्षी शाल राहू द्यावी. आपल्या दारातल्या बंदुकीची तार सोडवून बघावी, आत काय निघतं ते.

तुमच्या गावात काय परिस्थिती आहे ते कमेंटमध्ये लिहा. गार्डचा फोटो आणि नाव मात्र टाकू नका, नोकरी त्याची जाईल.