सरकारी वकिलाची सदसद्विवेकबुद्धी

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा मराठी चित्रपट २०१५ साली प्रदर्शित झाला. त्यातील वृद्ध लोकशाहीर नारायण कांबळे यांची भूमिका नागपूरच्या वीरा साथीदार यांनी केली होती. कार्यकर्ते असलेले साथीदार एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने गेले. या शहराला तो शाहीर आपला वाटावा हे स्वाभाविकच आहे. परंतु धरमपेठेत राहणाऱ्या आमच्यासारख्या पांढरपेशांनी खरे तर त्यातील सरकारी वकील नूतनबाईंकडे अधिक निरखून पाहावयास हवे.

गटारात उतरणारा एक सफाई कामगार मरण पावतो. शाहिराचे गाणे ऐकून त्याने आत्महत्या केली, असे पोलीस म्हणतात आणि शाहिरावर आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा खटला उभा राहतो. गीतांजली कुलकर्णी यांनी साकारलेल्या नूतनबाई तो शांतपणे चालवितात. लोकलने प्रवास करणे, साडीविषयी बोलणे, मुलाला पाळणाघरातून आणणे, घरी येऊन स्वयंपाकाला लागणे, असा त्यांचा दिनक्रम आहे. त्यांच्यात खलनायिकेचे काहीही नाही. त्याही पगारावर जगणाऱ्या, दुहेरी श्रम करणाऱ्या स्त्रीच होत. मग त्यांचा दोष कोणता?

दोष असा की, समोर आलेले कागद त्यांनी कधी तपासलेच नाहीत. कामगाराची विधवा साक्ष देते. नवरा खडा टाकून झुरळ बाहेर येते का ते पाही आणि मगच गटारात उतरे, असे ती सांगते. संरक्षक साधने त्याच्याजवळ नव्हती. खरा गुन्हा येथेच आहे. २०१३ च्या कायद्याने अशा धोकादायक सफाईसाठी माणसाला गटारात उतरविणे हा शिक्षेस पात्र गुन्हा ठरविला. असे मृत्यू झालेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आणि २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. तरीही त्या कामगाराला तेथे कोणी उतरविले, हा प्रश्न नूतनबाई विचारीत नाहीत.

‘आम्ही केवळ आमचे काम करतो’ हा बचाव येथे टिकणारा नाही. सरकारी वकील हा पोलिसांचा वकील नव्हे. तपास यंत्रणेचा अर्ज पुढे सरकविणारे टपाल कार्यालय होण्याचे त्याचे काम नाही. त्याने स्वतंत्रपणे विचार केला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये महाराष्ट्रातीलच हितेंद्र विष्णू ठाकूर यांच्या प्रकरणात स्पष्ट केले. ‘टाडा’खाली आरोपीची कोठडी वाढविण्यासाठी सरकारी वकिलाचा अहवाल आवश्यक होता. तीच अट पुढे ‘यूएपीए’तही आली. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या प्रकरणात हाच वाद उपस्थित झाला. असा अहवाल नीट सादर झालेला नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मुदतवाढ रद्द केली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. मुदतवाढीच्या त्या निकालांविषयी मतभेद असू शकतात. परंतु एका सरकारी वकिलाने खरोखर विचार केला की नाही, यावर माणसाचे स्वातंत्र्य किती अवलंबून असते, हे त्यातून दिसते.

श्रमविभागणीने कारखान्याचे उत्पादन वाढते. शासनसंस्थेत मात्र तिच्यामुळे अन्याय वाटून घेणे सोपे होते. पोलीस कागद करतो, वकील तो वाचतो, न्यायाधीश तारीख देतो आणि शाहीर तुरुंगात राहतो. यांपैकी प्रत्येकजण संध्याकाळी निर्धास्त मनाने घरी जातो.

केवळ सज्जन माणसे नेमून हे बदलणार नाही. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तरी सरकारी वकिलांची नेमणूक सरकारच्याच हाती आहे. त्यांना निश्चित कार्यकाळ हवा. नेमणुकीत न्यायसंस्थेचा निर्णायक शब्द हवा. आणि पुरावा नाही असे सांगून खटला मागे घेणाऱ्या वकिलाला बढतीत त्याची किंमत मोजावी लागू नये. या मागण्या बार असोसिएशनवर सोपवून चालणार नाही. कामगार संघटनांनीही त्या आपल्या मागणीपत्रात घातल्या पाहिजेत. कारण गटारात मरणाऱ्याला न्याय मिळणार की नाही, हे बव्हंशी सरकारी वकील कोणता प्रश्न विचारतो यावरच ठरणार आहे.