भिंती आमच्या, भूमी कोणाची?

मुंबई-पुण्याकडील मध्यमवर्गीय गृहस्थ भविष्यनिर्वाह निधी रिकामा करून सदनिका घेतो, दारावर नावाची पाटी लावतो आणि आपण मालक झालो, असे समजतो. तो मालक होतो खरा, पण अर्धाच. इमारतीखालची भूमी मिळकत पत्रिकेवर विकासकाच्या अथवा मूळ जमीनधारकाच्या नावे तशीच राहते, आणि ती पत्रिका पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. इमारत जीर्ण होऊन पुनर्बांधणीची बोलणी सुरू झाली, म्हणजे मग धावाधाव होते.

कायद्याने हा प्रश्न ओळखला नव्हता, असे नाही. सदनिका-विक्रीतील गैरप्रकारांच्या चौकशीसाठी राज्य सरकारने १९६० साली समिती नेमली आणि १९६३ मध्ये महाराष्ट्राचा सदनिकाविषयक मालकी हक्क कायदा झाला. त्याच्या अकराव्या कलमाने भूमी व इमारत संस्थेच्या नावे करून देणे विकासकावर बंधनकारक केले. करारात मुदत नसेल, तर संस्थेच्या नोंदणीपासून चार महिन्यांच्या आत. कसूर केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास. इतका निःसंदिग्ध कायदा असताना असंख्य खते का झाली नाहीत? भूमी आपल्या नावावर राहिली, की शिल्लक अथवा पुढे वाढणारा चटई क्षेत्र निर्देशांक आपलाच, असा दावा विकासकाला करता येतो. त्या दाव्याचे मोल वर्षागणिक वाढत असता सही करण्याची घाई त्याने का करावी?

२००८ च्या दुरुस्तीने ‘मानीव अभिहस्तांतरणा’चा मार्ग काढला. विकासक सही करीत नसेल, तर सहकार खात्याचा जिल्हा उपनिबंधक सुनावणी घेऊन संस्थेला तसा दाखला देतो. निर्णयास मुदत सहा महिन्यांची. तरतूद स्तुत्य, यात शंका नाही. परंतु कर्तव्य चुकविणारा स्वस्थ बसणार, आणि निवृत्त चिटणीसाने मंजूर नकाशे, जुने करार, मिळकत पत्रिका बगलेत मारून कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावयाचे, हा न्याय उफराटा आहे. संस्थेची नोंदणी याच खात्यात होते. चार महिने केव्हा उलटले, हे तेथील दप्तरच सांगेल. मग त्या दिवशी विकासकाला नोटीस खात्यानेच का धाडू नये? अर्जाची वाट का पाहावी?

आणखी एक मेख आहे. भूमी मुळात सरकारच्या किंवा महापालिकेच्या भाडेपट्ट्याची असेल, तर विकासकापाशी जे नव्हते ते संस्थेला मिळत नाही. पदरात पडते ती पट्ट्याची उरलेली मुदत. सरकारी भूमीपुरता मार्ग २०१९ च्या नियमांनी खुला केला आहे. अधिमूल्य भरून अशी भूमी भोगवटादार वर्ग एकमध्ये, म्हणजे जवळजवळ पूर्ण मालकीत, आणता येते. ही रक्कम बाजारभावाच्या तक्त्यावर बेतलेली असल्याने भूमी जितकी महाग तितका बोजा जड.

सभासदही निर्दोष नाहीत. वार्षिक सभेत मोटारी उभ्या करण्याच्या जागेवरून दोन तास हमरीतुमरी चालते. भूमीचा विषय ‘आयत्या वेळच्या विषयां’त ढकलला जातो आणि चहा येतो. येत्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर तो पहिल्या क्रमांकाला घालावा, आणि पुनर्बांधणीच्या कोणत्याही कागदावर सही होण्यापूर्वी चिटणिसाने मिळकत पत्रिकेचा ताजा उतारा सर्वांसमोर वाचून दाखवावा.