आदळआपटीचे गुण

गेल्या महिन्यात माळा आवरताना सासूबाईंच्या जुन्या इरकली लुगड्याच्या घडीतून एक सीडी खाली पडली. माझ्या छातीत धस्स झालं. ती तिथे मीच दडवली होती, २००५ साली, आणि घरात सगळ्यांना सांगितलं होतं की हरवली.

सीडी होती ‘टोनी हॉक्स अंडरग्राउंड २’ या व्हिडिओ गेमची. मुलगा तेव्हा आठवीत. प्ले स्टेशन आमचं, सीडी त्याच्या मित्राची.

टोनी हॉक हा अमेरिकेतला खराखुरा खेळाडू, चाकं लावलेल्या फळीवर उभं राहून कसरती करणारा. २७ जून १९९९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोला एक्स गेम्समध्ये त्याने हवेत अडीच गिरक्या घेतल्या आणि फळीवर नीट उतरून दाखवलं. आधी कितीतरी वेळा आपटला, ठरलेली वेळही संपून गेली, तरी हा एकतीस वर्षांचा गडी पुन्हा वर चढत राहिला. त्याच वर्षी त्याच्या नावाचा पहिला गेम आला आणि धडाक्याने खपला.

पण २००४ मध्ये आलेला आमचा हा गेम म्हणजे निव्वळ वात्रटपणा! एक टोळी टोनीची, दुसरी बॅम मार्जेराची. (हा ‘जॅकअ‍ॅस’मधला. नको ते उद्योग कॅमेऱ्यासमोर करण्यात त्याची हयात गेली.) दोघांनी बॉस्टन, बार्सिलोना, बर्लिन असं गावोगाव फिरत धुडगूस घालायचा, आणि हरेल त्याने साऱ्या दौऱ्याचा खर्च भरायचा. छपरावरून उडी मारायची, तारेवरून घसरत जायचं, भिंतीवर आदळता आदळता तिला स्टिकर चिकटवायचा. मध्येच सिनेमातला तो हिरवा श्रेकसुद्धा फळीवर! सासूबाई धारवाडच्या. खुर्ची ओढून बसायच्या आणि दर वेळी कळवळायच्या, “अय्यो पाप, हुडुग बिद्द!” तो हुडुग टुणकन उठला की पदर तोंडाला लावून हसायच्या. खोटं कशाला बोलू, मीही हसायचे.

माझं बिनसलं ते एका बटणावरून. खेळाडू पडला की ते भराभर दाबायचं. मग तो रागाने थयथयाट करतो, फळीची आदळआपट करतो, आणि त्याचे वर गुण मिळतात! सहामाहीत गणितात नापास झाल्यावर आमच्या चिरंजीवांनी कंपासपेटी भिंतीवर फेकली आणि मला विचारलं, “किती गुण, आई?” त्या रात्री सीडी लुगड्यात गेली.

मित्राने ती परत मागितली तेव्हा हा घरभर शोधत राहिला. मित्राला वाटलं, याने विकली. याला वाटलं, त्यानेच गुपचूप नेली आणि वर कांगावा करतोय. शाळेच्या मागे मारामारी झाली. एका बाकावर बसणारी दोन पोरं दहावी होईपर्यंत एकमेकांशी बोलली नाहीत. मी पाहत होते. मित्राच्या आईला सीडीचे पैसे तेवढे देऊन आले, म्हणजे माझ्या मुलानेच काहीतरी केलं असणार यावर मीच शिक्का मारला. आज सांगू, उद्या सांगू करता करता राहून गेलं.

आता मुलगा बेंगळुरूत, दहा वर्षांच्या पोराचा बाप. ऑलिम्पिकमध्येही २०२१ पासून हा खेळ आहे म्हणून नातू खरी फळी मागतोय. ‘प्रो स्केटर’चे जुने भाग नव्याने निघाले, ते तो घरी खेळतोच. टोनी हॉकचं मांडीचं हाड २०२२ मध्ये मोडलं, तरी बरा होऊन तो फळीवर चढला, हेही त्यानेच मला ऐकवलं.

रविवारी व्हिडिओ कॉलवर मी सीडी मोबाईलसमोर धरली. मुलगा बराच वेळ बघत राहिला.

“कुठे होती?”

“आजीच्या लुगड्यात. मी ठेवली होती.”

मला वाटलं, आता आवाज चढणार. चढला नाही.

“आई, मी त्याला फुकट मारलं गं.” मग थोड्या वेळाने, “त्याचा नंबर आहे तुझ्याकडे?”

नाहीये. त्याची आई मात्र गणपत गल्लीत बाजाराला येते, कधीतरी भेटते. या शनिवारी पिशवीत सीडी घेऊनच जाणार आहे.