उत्तरेची उशी आणि चुंबकाची गादी

उत्तरेकडे डोके करून झोपू नये; कारण पृथ्वी हा मोठा चुंबक, रक्तात लोह, आणि ते लोह रात्रभर मेंदूकडे ओढले जाते. हा शोध एका व्याख्यात्याने नुकताच भर सभेत मांडला आणि लगेच चुंबकाच्या गाद्यांची माहितीपत्रके वाटली. पक्ष्यांना चुंबकत्व कळते, इस्पितळात एमआरआय असते, तेव्हा गादीतल्या चुंबकाने रक्ताभिसरण सुधारणारच, हा पुढचा युक्तिवाद. आजीचा नियम आणि एमआरआय एका दावणीला बांधले की टाळ्या हमखास.

आधी त्या लोहाचा समाचार घेऊ. माणसाच्या अंगात सुमारे 4 ग्रॅम लोह असते, बरेचसे हिमोग्लोबिनमध्ये. पण ते खिळ्यातले लोखंड नव्हे. खिळ्यात असंख्य अणूंची चुंबकत्वे एकमेकांना धरून रांगेत उभी राहतात. हिमोग्लोबिनमध्ये लोहाचा एकेक अणू प्रथिनात वेगळा अडकलेला. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी 1936 मध्ये दाखवून दिले, की प्राणवायू घेतलेल्या हिमोग्लोबिनला चुंबक ओढत नाही, उलट अगदी किंचित दूर लोटतो. प्राणवायू सोडलेले तेवढे जरासे ओढले जाते. म्हणजे धमनीतले रक्त गादीपासून पळणार आणि शिरेतले तिच्याकडे धावणार. अभिसरण सुधारण्याची ही तऱ्हा माहितीपत्रकात का नाही, कोण जाणे.

बरे, ओढ किती? आपल्याकडे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र 40 मायक्रोटेस्लांच्या आसपास. एमआरआयचे नेहमीचे यंत्र 1.5 टेस्लांचे, म्हणजे तीस हजार पटींहून जबर. त्यात माणूस अर्धा तास पडून राहतो आणि उठून चहा प्यायला जातो. रक्त डोक्यात गोळा झाल्याची तक्रार कोणी केलेली नाही. शिवाय पृथ्वीचे क्षेत्र अंथरुणाच्या लांबीत जवळजवळ एकसारखे असते, आणि एकसारखे क्षेत्र वस्तूला वळवते, ओढून नेत नाही. होकायंत्राची सुई उत्तरेकडे तोंड करते. टेबलावरून सरकत ध्रुवाकडे निघालेली सुई कोणी पाहिली आहे का? आणि गंमत अशी, की गादीतल्या चुंबकाचे क्षेत्र त्याच्या अंगाशी पृथ्वीच्या शेकडो पट असते. मग पृथ्वीचे थोडेसे घातक आणि गादीचे भरपूर हितकर कसे? बहुधा पृथ्वीच्या क्षेत्राची पावती फाडता येत नाही म्हणून.

शयनगृहातली उत्तर तरी शुद्ध कुठे आहे? स्लॅबमध्ये सळया, भिंतीला लोखंडी कपाट. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याची चुंबकीय मोजणी बिघडेल म्हणून ती 1904 मध्ये अलिबागला हलवावी लागली. उपकरणांना जी उत्तर मिळेना, ती आमच्या व्याख्यात्याला तिसऱ्या मजल्यावर उशीखाली सापडते.

चुंबकावर बाटली ठेवली की तिच्यातले पाणी औषधी होते, या दाव्यावरूनही पूर्वी असेच वाजले होते. तेव्हा दावा करणाऱ्यांचे उत्तर, ‘अनुभव घेऊन बघा.’ पॅरिसात 1784 मध्ये राजाने नेमलेल्या समितीने रुग्णांचे डोळे बांधून हा अनुभव घेतला होता. ‘प्राणिचुंबकत्व’ नावाच्या तेव्हाच्या उपचारात येणारे झटके प्रयोग चालू आहे असे रुग्णाला वाटले की येत, न कळवता प्रयोग केला की येत नसत.

यावरून चुंबकत्वाचा सजीवांशी संबंधच नाही असे म्हणणारेही भेटतात. तेही चूक. रिचर्ड ब्लेकमोर यांनी 1975 मध्ये वर्णन केलेल्या जिवाणूंच्या पेशीत मॅग्नेटाइटच्या कणांची माळ असते, आणि ती त्यांना क्षेत्राच्या रेषेत धरते. युरोपातला रॉबिन पक्षी पृथ्वीच्या क्षेत्राचा कल ओळखून स्थलांतर करतो. डोळ्यातल्या क्रिप्टोक्रोम प्रथिनात प्रकाशाने घडणाऱ्या रासायनिक क्रियेतून त्याला ते कळत असावे, असा आजचा प्रबळ अंदाज आहे. माणसावरही परिणाम होतो. नैराश्याच्या उपचारात डोक्याशी धरलेले वेटोळे क्षणभर टेस्लाच्या घरातले क्षेत्र निर्माण करते. ते इतक्या झटक्यात बदलते की मेंदूत वीजप्रवाह उमटतो आणि चेतापेशी उद्दीपित होतात. काम बदलत्या क्षेत्राचे आहे. गादीतला चुंबक दुकानात जसा होता तसाच रात्रभर पाठीखाली पडून असतो, आणि त्याने कोणती पेशी कशी हलते हे व्याख्यात्याने अजून सांगितलेले नाही.