'नीटनेटके' म्हणजे कुणासारखे?

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या केसांवर गोव्यातल्या एका सरकारी कारकुनाने का लिहावे, असे कुणालाही वाटेल. पण हा विषय जितका केसांचा, तितकाच नियमांचा आहे. आणि नियम वाचणे हे तर माझे रोजचे काम. परिपत्रकात 'नीटनेटके' हा शब्द दिसला की मी सावध होतो. वयोमर्यादेला माप असते, नीटनेटकेपणाचे माप मात्र साहेबाच्या डोळ्यांत असते.

आधी केस समजून घेऊ. टाळूतून पाझरणारे तेल सरळ केसावरून सहज खाली उतरते. स्प्रिंगसारख्या घट्ट वळणांच्या केसांवरून ते टोकापर्यंत पोचत नाही. म्हणून असे केस लवकर कोरडे पडतात, ओढले की तुटतात. रोजचा शांपू त्यांना सोसत नाही. आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा केस धुण्याचा दिवस ठरलेला असतो आणि त्यात अर्धा दिवस सहज जातो. ओल्या केसांना कंडिशनर लावायचा, त्यांचे भाग पाडायचे आणि मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून मुळाकडे गुंता सोडवत जायचे. ओलावा टिकावा म्हणून वरून क्रीम आणि तेल. त्यात आपले खोबरेलही आले. मग वेण्या किंवा पीळ घालायचे. रात्री सॅटिनची टोपी, कारण सुती उशीवर केस घासतात आणि ओलावाही शोषला जातो. वेण्या फार ताणल्या तर कपाळाजवळचे केस गळतात, तेही सांभाळायचे.

एवढा खटाटोप कशाला, सरळ करून टाकावेत की! तेही पिढ्यान् पिढ्या झाले. केस सरळ करणाऱ्या काही रसायनांत कॉस्टिक सोडा असतो, तोच साबण करताना वापरतात तो. त्याने टाळू भाजते. २०२२ साली अमेरिकेत ३३ हजारांहून अधिक स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अशी रसायने कधीच न वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा अंदाज १.६४ टक्के होता, वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. कारण सिद्ध झाले असे नव्हे, पण संबंध दिसला.

यात हौस होती, तसा धाकही होता. १७८६ साली लुइझियानाच्या स्पॅनिश गव्हर्नरने कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय स्वतंत्र स्त्रियांना केस फडक्याखाली झाकण्याचा हुकूम काढला. त्या बायांनी रंगीत, झोकदार फडकी बांधून त्या हुकमाचाच शृंगार केला! २०१० साली अलाबामात एका तरुणीने आपल्या जटा कापायला नकार दिला म्हणून देऊ केलेली नोकरी मागे घेतली गेली. २०१६ साली अपील न्यायालयानेही तिच्या विरोधात निकाल दिला. २०१९ साली कॅलिफोर्नियाने केसांवरून होणाऱ्या अशा भेदभावाला बंदी घालणारा 'क्राउन' कायदा केला. पुढे वीसहून अधिक राज्यांनी तसेच कायदे केले. देशव्यापी विधेयक मात्र २०२२ साली प्रतिनिधिगृहात मंजूर होऊनही सिनेटमध्ये अडले.

"नियम सर्वांना सारखाच" हा युक्तिवाद मला पटत नाही. एकीला तो पाळायला दहा मिनिटे आणि एक कंगवा पुरतो, दुसरीला त्यासाठी टाळू भाजून घ्यावी लागते. मग तो सारखा कसा? कार्यालयाने केस स्वच्छ असावेत असे म्हणावे, यंत्राजवळ काम असेल तर बांधायला सांगावे. केसांची जात कोणती असावी हे सांगण्याचा अधिकार त्याला नाही.

आपण या गोष्टीपासून फार लांब आहोत असेही नाही. तिरुमलाला भाविकांनी अर्पण केलेल्या केसांचा लिलाव होतो आणि ते परदेशी जातात. अमेरिकेत ते कृष्णवर्णीय स्त्रियांच्या डोक्यावर कसे चढतात, हे क्रिस रॉकच्या २००९ सालच्या 'गुड हेअर' या माहितीपटात दाखवले आहे. आणि आपल्याकडे? लग्न ठरले की कुरळ्या केसांच्या मुलीला आधी पार्लरात नेऊन केस सरळ करून आणतात, मग त्यावर अबोलीची फाती माळतात. अबोलीला कुरळे केस कधी अडले नव्हते. अडतात ते आपल्याच नजरेला.