जर्मनीला माफी, ग्रीसला मात्र शिस्त?

कर्जसंकटातून ग्रीस सावरल्याचे श्रेय काटकसरीला देणारा अग्रलेख वाचून राहवले नाही. ग्रीसने पै न पै चुकती करावी म्हणून सर्वाधिक हटून बसला तो जर्मनी. त्या जर्मनीचे स्वतःचे किती कर्ज माफ झाले होते, याचा अग्रलेखात चकार शब्द नाही!

२७ फेब्रुवारी १९५३ च्या लंडन करारात पश्चिम जर्मनीचे परकीय कर्ज जवळपास निम्मे माफ झाले. उरलेल्याला लांब मुदत मिळाली, हप्तेही झेपतील असे बांधून दिले. युद्धाची नुकसानभरपाई तर बेमुदत लांबणीवर पडली. त्या करारावर सही करणाऱ्या धनकोंमध्ये ग्रीसही होता. नाझी ताब्यात असताना १९४१-४२ च्या हिवाळ्यात ज्याची माणसे भुकेने मेली, तोच ग्रीस. युद्धानंतरच्या जर्मन आर्थिक 'चमत्कारा'मागे जर्मनांचे कष्ट होतेच. पण मानेवरचे ओझे आधी उतरवले गेले होते.

२०१० नंतर ग्रीसला काय मिळाले? जुनी देणी भागवायला नवी कर्जे आणि सोबत कपातीच्या अटी. पेन्शनला कात्री लागली, अर्थव्यवस्था चौथ्या हिश्शाने आक्रसली, २०१३ मध्ये बेरोजगारी २७ टक्क्यांवर गेली. २०१२ मध्ये खासगी रोखेधारकांना तोटा सोसावा लागला, हे खरे. पण तोवर ग्रीसचे कंबरडे मोडले होते. ज्या कर्जासाठी हे सारे केले, ते २००९ मध्ये जीडीपीच्या सुमारे १२७ टक्के होते; २०१८ मध्ये १८० टक्क्यांच्या वर होते. कपातीने होणारी घसरण कमी लेखली गेली, हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे तेव्हाचे मुख्य अर्थतज्ज्ञ ऑलिव्हिए ब्लांशार यांनीच २०१३ मध्ये मांडले. याला काटकसरीचे यश म्हणायचे?

ग्रीक सरकारांनी तुटीचे आकडे लपवले, हा गुन्हाच. पण १९५३ च्या जर्मनीची पाटी कोरी होती काय?

आणि मार्च २०२५ मध्ये याच जर्मनीने संरक्षणखर्चासाठी राज्यघटनेतली कर्जमर्यादा सैल केली, पायाभूत सुविधांसाठी ५०० अब्ज युरोंचा निधी मंजूर केला. जर्मनीला त्याची गरज असेलही. पण अथेन्समधल्या पेन्शनरांची गरज तेव्हा कुणी विचारात घेतली?

संपादकांना विनंती एवढीच, की यापुढे ग्रीसचा दाखला देताना १९५३ चा करारही वाचकांपुढे ठेवावा. कर्जमाफी जर्मनीसाठी शहाणपणाची होती, तर ग्रीससाठीही होती.

– अर्थशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, सांगली